अस्तरावरचे आकडे

आमच्या संस्थेत शास्त्रज्ञ पुष्कळ आले आणि गेले. आले की पहिली दोन वर्षं मानानं नि आपुलकीनं 'तिलेके, तिलेके' करत माझ्या मागे फिरतात. प्रबंध पुरा झाला की राजधानीला, अस्तानाला निघून जातात आणि नौरूझच्या सणालासुद्धा फोन करत नाहीत. मी मात्र ओस्केमेनमधल्या त्याच तळमजल्यावर, त्याच बाकासमोर, एकोणचाळीस वर्षं धातूचे नमुने कापतोय, घासतोय आणि त्यांच्यावर नंबर ठोकतोय.

नंबर ठोकण्यात एवढं काय, असं वाटेल. सांगतो. वितळलेल्या मिठात कोणता धातू टिकतो, ते आम्ही तपासतो. आमचं मीठ जेवणातलं नव्हे, फ्लोराइडचं. सातशे अंशांवर ते पाण्यासारखं पातळ होतं. त्यात धातूचा तुकडा हजार तास बुडवून ठेवला, की बाहेर येतं ते काळं, खरबरीत काहीतरी. कोणता तुकडा कोणाचा, हे तो बनवणाऱ्यालाही ओळखता येत नाही. शाई टिकत नाही, रंग टिकत नाही, सुईनं ओढलेली रेघ तर पहिल्याच आठवड्यात जाते. १९८६ साली मी नवखा होतो, तेव्हा आमच्याकडे दोन नमुन्यांची अदलाबदल झाली होती. वाईट धातू चांगला ठरला, चांगला वाईट ठरला. वर्षभराचं काम कचऱ्यात गेलं आणि माझे उस्ताद ग्रिगोरी फोमिच यांना चाळीस माणसांसमोर उभं करून जाब विचारला गेला. त्या दिवसानंतर त्यांचा हात थरथरायला लागला तो कायमचाच.

तेव्हा मी मनाशी गाठ बांधली. आकडा असा ठोकायचा, की आंधळ्यानंही बोट फिरवून वाचावा. पोलादी पंच घ्यायचा, दीड किलोची हातोडी घ्यायची, आणि एका आकड्यावर तीन घाव घालायचे. पुढे हाच आमच्या प्रयोगशाळेचा कायदा झाला. तेव्हापासून आजवर एक नमुना इकडचा तिकडे झालेला नाही. आमच्या प्रमुख लिदिया आवगुस्तोव्हना पाहुण्यांना मुद्दाम खाली घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "हे आमचे तिलेउकान. यांचे आकडे मिठालाही खाता येत नाहीत." मी खाली मान घालून कानस चालवत राहायचो, पण ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

अकबोपे आली ती सहा वर्षांपूर्वी, झायसानकडची पोर. उंच, हाडकुळी, आणि जिभेला धार. बाकीचे शास्त्रज्ञ खाली चिठ्ठी पाठवायचे, ही स्वतः यायची आणि बाकावर चढून बसायची.

"तिलेके, हा धातूचा समसा आहे," येऊन तीन वर्षं झाल्यावर एके दिवशी ती म्हणाली. समसा म्हणजे सारण भरून भाजलेली आमच्याकडची करंजी. "आत स्टील, बाहेर दोन्ही बाजूंनी निकेल."

"आणि खायचं कोणी?"

"मिठानं. पण त्याला खाता येऊ नये, अशी माझी इच्छा आहे."

तिची कल्पना साधी होती. मिठाला क्रोमियमची भारी ओढ. साध्या स्टीलमधून ते क्रोमियम शोषून घेतं आणि स्टील आतून स्पंजासारखं पोकळ होतं. निकेलकडे मात्र मीठ ढुंकूनही पाहत नाही. पण सगळी नळी निकेलची केली, तर ती तापल्यावर नरम पडते आणि परवडतही नाही. म्हणून आत ताकदीचं स्टील आणि वरून निकेलचं पातळ अस्तर. उद्या सूर्याची उष्णता वितळलेल्या मिठात साठवणारे कारखाने उभे राहिले, अणुभट्ट्या मिठावर चालू लागल्या, तर त्यांच्या नळ्या अशा असतील, असं तिचं म्हणणं.

अस्तर चढवायला अकबोपेच्या गटातले लोक शहराबाहेर माळावर जायचे. स्टीलवर निकेलचा पत्रा ठेवायचा, वर सुरुंगाची दारू पसरायची आणि उडवून द्यायची. धडाक्यानं दोन धातू एकमेकांत रुततात. मग गिरणीत लाटून लाटून तो पत्रा पातळ करायचा. शेवटी निकेलचा थर उरायचा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. त्याचे मी चौकोनी तुकडे कापायचो. कापलेल्या कडांवर स्टील उघडं पडतं, म्हणून आमचा वेल्डर कडेनं निकेलचा टाका फिरवून तोंड बंद करायचा, समशाची कड दाबावी तशी.

तीन वर्षं अशी गेली. शेवटी दहा नमुने ठरले. प्रत्येकी एका मुशीत, म्हणजे मिठाच्या भांड्यात, हजार तास भट्टीत राहायचे, आणि नंतर अस्तानाहून समिती येऊन निकाल देणार. नमुने टिकले तर खऱ्या नळ्या बनवायला परवानगी. नाही टिकले तर गट बंद, पत्रे भंगारात, आणि अकबोपेची बदली खनिज तपासणीच्या विभागात. तिथे दिवसभर दगडांच्या पुड्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या असतात.

पहिल्या सात नमुन्यांवर मी नंबर ठोकले. आठवा हातात घेणार, तेवढ्यात सेमेयहून माझा मेहुणा गेल्याचा निरोप आला आणि मी चार दिवस तिकडे गेलो. परत आलो तर उरलेले तीनही नमुने भट्टीत गेलेले.

"नंबर कोणी ठोकले?" मी विचारलं.

"ठोकले नाहीत," अकबोपे म्हणाली. "भट्टी थांबवता येत नव्हती. मी कडेच्या टाक्यावर कानशीनं खाचा पाडल्या. आठवर एक, नऊवर दोन, दहावर तीन."

"खाचा? हजार तासांनी तुझ्या खाचा कोण वाचणार?"

"प्रत्येकाची मूस वेगळी आहे, तिलेके. मुशीवर नंबर आहे."

"मुशीचं झाकण बदललं तर? मूस फुटली तर? अगं, तू जन्मली नव्हतीस तेव्हा याच मिठानं इथे एका माणसाचं आयुष्य खाल्लंय. आणि तू खाचा पाडत्येस!"

ती गप्प बसली. एरवी गप्प बसणारी नव्हे ती, पण माझ्या घरी नुकतंच सुतक आलं होतं म्हणून तिनं माझा मान राखला. मी मात्र दिवसभर धुसफुसत होतो.

मार्चच्या सुरुवातीला मुशी उघडल्या. मीठ थिजल्यावर पांढरंशुभ्र दिसलं तर सगळं ठीक. त्यात क्रोमियम उतरलं असेल तर ते हिरवं पडतं. मुशी हवाबंद पेटीत होत्या, तिच्या काचेतून आम्ही सगळे बघत होतो. अकबोपे आतल्या लांब रबरी हातमोज्यांत हात घालून एकेक झाकण काढत होती. पहिलं हिरवं. दुसरं हिरवं. तिसरं तर शेवाळासारखं. सातव्यापर्यंत सगळी हिरवी, आणि मग आठ, नऊ, दहा पांढरी.

तिनं मोज्यांतून हात बाहेर काढले आणि ते नुसतेच समोर धरून ती उभी राहिली.

मग सगळ्यांनी कारणं शोधायला सुरुवात केली, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा. "शेवटचे तीन भट्टीच्या दाराशी होते," मी म्हणालो. "दाराशी थंड असतं. म्हणून वाचले. बाकी सात खरे तापले आणि उघडे पडले. पोरी, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझं अस्तर जुन्या लोकरी नमद्यासारखं आहे, त्यातून सगळं झिरपतं." लिदिया आवगुस्तोव्हना काहीतरी बोलणार होत्या, पण माझा ठामपणा बघून थांबल्या. अकबोपेनं दोन नमुने मधोमध कापले. निकेलखाली स्टील पोकळ झालं होतं. स्टील आणि निकेलच्या जोडातूनच मीठ शिरलं असणार, असं तिनं लिहून टाकलं. तीन आठवडे ती जोडाचे फोटो काढत होती. जोड प्रत्येक फोटोत घट्ट दिसायचा, तरी ती पुन्हा काढायची. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

समिती गुरुवारी येणार होती. मंगळवारी सकाळी मी कापलेल्या दोन्हींसकट सगळे नमुने धुवून समितीपुढे मांडायला तयार करत होतो. नंबर अजून वाचता येत होते. मी अगदी खूष होऊन सहाव्या नमुन्यावर बोट फिरवलं. आकडा लागला, पण काहीतरी वेगळं लागलं. सहाच्या पोटाशी कड भुसभुशीत होती.

मी भिंग लावलं. मग सुई घेतली आणि सहाच्या तळाशी टेकवली. सुई आत गेली. जोर लावला नाही, तरी जात राहिली, निकेल ओलांडून पार खालच्या पोकळ स्टीलमध्ये. मी सुई बाहेर काढून शेजारी, गुळगुळीत निकेलवर टेकवली. तिथे ती घसरली. पुन्हा आकड्यात टेकवली. आत गेली.

एकेक करून सगळे तपासले. एकच्या उभ्या दांड्यात सुई जाते. चारच्या कोपऱ्यात जाते. सातच्या डोक्यात जाते. आकडा सोडून कुठेही जात नाही. मग अकबोपेचे तीन घेतले, कानशीच्या खाचांचे. खाचा जाड टाक्यावर होत्या, अस्तराला धक्का नव्हता. सुई कुठेच गेली नाही.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. अर्ध्या मिलिमीटरहून पातळ अस्तर, आणि त्यावर माझे तीन घाव. सबंध धातूचा तुकडा असता तर काही बिघडलं नसतं. तीसेक वर्षं आमच्याकडे सबंध धातूच यायचा, म्हणून काही बिघडलंही नव्हतं. अस्तराचा धातू आला आणि मी हात तोच ठेवला. मिठाला दार मी उघडून दिलं होतं, सात ठिकाणी, नीट वाचता येईल असं. आणि वर तिलाच नमद्याचे टोमणे मारले होते.

दुपारी जेवायला घरी गेलो. घर दोन गल्ल्यांवरच आहे. माझी बायको कुलपाश हिनं समोर पिठाचे तळलेले बाउरसाक आणि दुधाचा चहा ठेवला. मी एका बाउरसाकाचे तुकडे करत बसलो.

"काय हो म्हातारबुवा, पीठ कच्चं राहिलंय का?"

"नाही."

"मग त्याला का छळताय? मला छळा."

मी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. तिला मिठातलं काही कळत नाही, पण माझं तोंड तिला पाठ आहे.

"अजून कोणाला कळलंय?"

"नाही. कळणारही नाही. परवा समिती सही करील, नमुने भंगारात जातील. पुढच्या महिन्यात मी निवृत्त."

"म्हणजे सुटलात की."

"सुटलो."

"बरं झालं," ती म्हणाली आणि चहा ओतायला लागली. "त्या पोरीला मग कधी आपल्याकडे जेवायला बोलवू नका हं. माझ्याच्यानं तिच्या ताटात मांस वाढलं जाणार नाही."

मी चहाची वाटी खाली ठेवली. ती एवढंच बोलली, पण मला रागच आला तिचा, कारण मी घरी आलो होतो तो कोणीतरी 'जाऊ दे' म्हणावं म्हणून. बुधवारचा सबंध दिवस मी धीर गोळा करण्यात घालवला. दोनदा अकबोपेच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा पाणी प्यायला आल्यासारखं करून परतलो. सरळ तिलाच आधी सांगायला हवं होतं. ते माझ्याच्यानं झालं नाही, आणि त्याची लाज मला आकड्यांपेक्षाही जास्त वाटते.

गुरुवारी समितीचे अध्यक्ष आले, येर्दाउलेत बेकेनोविच म्हणून. चेहरा इस्त्री केलेला. अकबोपेनं उभं राहून अहवाल वाचला. आवाज सपाट होता. "दहापैकी सात नमुन्यांत मीठ अस्तर भेदून आत शिरलं. कारण बहुधा जोडातला दोष. उरलेले तीन..."

"दाराशी होते, थंड जागी," अध्यक्ष म्हणाले. "वाचलंय मी. म्हणजे अस्तर टिकत नाही. सही कुठे करायची?"

मी मागच्या खुर्चीवरून उठलो.

"मला बोलायचंय."

"आपण कोण?"

"नमुने मी बनवतो. हे सात मीच मारलेत."

लिदिया आवगुस्तोव्हना चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागल्या. "तिलेउकान, बसा. बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"बरंय मला. सुई आणलीये."

टेबलाशी जाऊन मी सहावा नमुना ठेवला. सुई गुळगुळीत जागी टेकवली, मग आकड्यात टेकवली आणि सोडून दिली. ती उभीच राहिली. मग पुढचा नमुना घेतला, मग त्याच्या पुढचा. पाचव्यानंतर अध्यक्षांनी माझ्या हातातून सुई घेतली आणि उरलेले दोन स्वतः करून पाहिले. मग खाचांचे तीन पाहिले. त्यांत सुई कुठेच रुतली नाही.

"आणि दाराची थंडी?" त्यांनी विचारलं.

"दाराशी चार अंशांचा फरक पडतो," लिदिया आवगुस्तोव्हना म्हणाल्या. "चार अंशांनी मीठ हिरव्याचं पांढरं होत नाही. मी तेव्हाच म्हणणार होते."

"मग म्हणाला का नाहीत?"

"हे इतक्या ठामपणे सांगत होते, की मला वाटलं मीच चुकत्येय."

कोणीतरी हसलं. मी नाही हसलो, आणि अकबोपेही नाही. ती हातातल्या कागदांकडे बघत होती.

अध्यक्षांनी थोडा विचार केला. "तीन नमुन्यांवर मी नळ्यांना परवानगी देऊ शकत नाही. पण हे सात बाद झाल्यावर गट बंद करायची सहीही करू शकत नाही. पुन्हा दहा. हजार तास. पुन्हा एकदाच, त्यापुढे नाही. आणि या वेळी त्यांना कोणी हातोडी लावायची नाही."

बाहेर आल्यावर व्हरांड्यात अकबोपेनं मला गाठलं. मला वाटलं, आभार मानेल. कसलं काय!

"तिलेउकान झुमाबेकोविच," ती म्हणाली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिनं मला बापाच्या नावासकट हाक मारली. "आपल्याला हे कधी कळलं?"

"मंगळवारी."

"मंगळवारी. आणि मी काल संध्याकाळपर्यंत बसून, माझा जोड का सुटला, ते लिहीत होते. न सुटलेला जोड! तीन आठवडे मी स्वतःला मूर्ख समजत होते. आपण सगळ्यांसमोर त्याला नमदा म्हणालात."

"म्हणालो."

"एवढंच?"

"पोरी, अजून काय सांगू? मला भीती वाटली. एकोणचाळीस वर्षांत..."

"माझी तीनच होती," ती म्हणाली आणि निघून गेली.

पुढचे दहा दिवस ती खाली आली नाही. चिठ्ठी यायची, 'कृपया दहा तुकडे, चाळीस बाय वीस', खाली सही. मी निवृत्तीचा अर्ज मागे घेतला. लिदिया आवगुस्तोव्हनांना सांगितलं, मुशी उघडेपर्यंत मी जात नाही. त्या म्हणाल्या, "मी तरी कुठे पाठवतेय?"

तुकडे कापले. कडा बंद झाल्या. मग प्रश्न आला खुणेचा. मी एकटाच बाकाशी बसून विचार केला. कडेच्या टाक्यावर खाच पाडली तर टाकाही पातळ होतो. तार बांधली तर तारेचा धातू मिठात उतरतो. कोपरा छाटला तर छाटलेल्या जागी पुन्हा स्टील उघडं. कुठल्याही बाजूनं बघा, नमुना कोरा ठेवणं हाच एक उपाय होता. दहा सारखे तुकडे, अंगावर काहीच नाही, आणि कोणता कोण ते फक्त मुशीवर आणि वहीत. आयुष्यभर मी ज्याच्या विरुद्ध भांडलो, तेच.

मी वर गेलो. तिच्या दाराशी या वेळी पाणी पीत उभा राहिलो नाही.

"कोरे ठेवायचे," मी म्हणालो. "नंबर मुशीवर. वही तू लिही. मुशीत टाकताना मी मोठ्यानं म्हणीन, तू लिहिशील, आणि तू म्हणशील ते मी पुन्हा म्हणीन."

ती माझ्याकडे बघत राहिली. "आपल्याला चालेल ते?"

"नाही चालत. पण दुसरं काही नाही."

तिचा राग गेला असं नाही, पण तिनं खुर्ची पुढे सरकवली. त्या दिवशी आम्ही दहा नमुने मुशींत घातले. मी म्हणालो, "पाच." ती म्हणाली, "पाच." मी पुन्हा, "पाच." आमचा वेल्डर म्हणाला, मशिदीत आल्यासारखं वाटतंय. तो काहीही बोलतो.

हजार तास म्हणजे बेचाळीस दिवस. उल्बा नदीवरचा बर्फ फुटला, वाहून गेला, काठाच्या झाडांना पानं फुटली. रोज सकाळी कामावर येताना मी आधी भट्टीचा काटा बघायचो. नंबर ठोकायचं काम नसल्यामुळे माझे हात रिकामे होते, आणि रिकाम्या हातांचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. पंधराव्या दिवशी अकबोपे खाली आली आणि पूर्वीसारखी बाकावर चढून बसली. मी तिला चहा दिला. ती प्यायली आणि गेली. त्यानंतर ती रोज येऊ लागली. कधी जोडाबद्दल बोलायची, कधी झायसानला असलेल्या आईच्या गुडघ्यांबद्दल. हाक मात्र मारायची नाही, नुसतंच बोलायला सुरुवात करायची.

मेच्या मध्यावर मुशी उघडायचा दिवस आला. सकाळचे दहा वाजले होते, खिडकीतून ऊन सरळ पेटीच्या काचेवर पडत होतं. अकबोपेनं मोज्यांत हात घातले. मी वही धरून शेजारी उभा.

"एक," ती म्हणाली आणि झाकण काढलं.

पांढरं. नुकत्याच पडलेल्या बर्फासारखं स्वच्छ.

"एक," मी म्हणालो.

दोन पांढरं. तीन पांढरं. चार, पाच, सहा. सातव्याचं झाकण काढलं आणि तिचा हात थांबला. कडेला फिकट हिरवी झाक होती, बोटाच्या पेराएवढी.

"सात," मी म्हणालो, कारण कोणीतरी म्हणायला हवं होतं.

तिनं चिमट्यानं नमुना उचलून उजेडात फिरवला. अस्तर दोन्ही बाजूंनी अखंड चकाकत होतं. एका कोपऱ्यात, टाक्याच्या शेवटी, टाचणीच्या टोकाएवढं भोक.

"वेल्डिंगचं," ती म्हणाली. "अस्तराचं नाही, तुमचं नाही. वेल्डरला सांगा, मशीद पुरे, आता टाक्याकडे बघ."

आठ पांढरं, नऊ पांढरं, दहा पांढरं. शेवटचं झाकण तिनं खाली ठेवलं, मोज्यांतून हात बाहेर ओढले, माझ्याकडे वळली आणि इतक्या जोरात ओरडली, की वरच्या मजल्यावरून कोणीतरी खाली धावत आलं.

"सुयिन्शी, तिलेके! सुयिन्शी!"

आमच्याकडे चांगली बातमी आणणारा असंच ओरडतो, आणि ऐकणाऱ्यानं त्याला मागेल ते द्यायचं असतं. माझे डोळे भरून आले ते बातमीनं, की 'तिलेके'नं, मला सांगता येणार नाही. दोन्हींनी असेल.

"अगं, मी इथेच उभा होतो," मी म्हणालो. "माझ्या डोळ्यांनी बघितलं. तू मला कसली बातमी देत्येस?"

"ते काही नाही. ओरडले ना मी? आता द्या."

"माग."

मला वाटलं, चॉकलेट मागेल, नाहीतर कुलपाशच्या हातचं जेवण. ती गंभीर झाली.

"अहवालात पहिल्या दहांचंही लिहायचंय. त्यातले सात का बिघडले, ते तुम्ही लिहा. तुमच्या हातानं, तुमच्या नावानं. अस्तराचा धातू आता बऱ्याच ठिकाणी येईल, आणि नंबर सगळेच ठोकतात. मी लिहिलं तर वाचतील आणि म्हणतील, असेल एखादा अडाणी. ज्याला सगळं येतं त्यानं लिहिलं, तर आपापले नमुने काढून बघतील."

हे सोपं नव्हतं. इथल्या माणसांनी माझी चाळीसेक वर्षं पाहिली होती. कागद मात्र परक्यांकडे जाणार, त्यांच्यासाठी मी तेवढा एकच दिवस असणार, सात नमुने बिघडवणारा माणूस. पण मागेल ते द्यायचं असतं, आणि मी 'माग' म्हणून बसलो होतो.

बाकाशी बसून लिहायला मला दुपार लागली. चार ओळी झाल्या. 'पहिल्या सात नमुन्यांवर मी, तिलेउकान झुमाबेकोविच, चुकून खोल आकडे ठोकले. अस्तर भेदलं गेलं. मीठ तिथूनच आत शिरलं. अस्तराच्या धातूवर आकडा ठोकू नये.'

अकबोपेनं उभ्याउभ्याच वाचलं. मग खिशातून पेन काढलं आणि पहिल्या ओळीतला एक शब्द खोडला.

"'चुकून' खोटं आहे," ती म्हणाली. "तुम्ही मुद्दाम ठोकले होते. तीन-तीन घाव."

खरंच होतं ते.

खोडलेल्या शब्दाच्या डोक्यावर तिनं बारीक अक्षरात दुसरा लिहिला आणि कागद माझ्यापुढे सरकवला. 'काळजीपोटी.'

"हे असलं शास्त्राच्या अहवालात चालतं का?" मी विचारलं.

"कारण विचारलंय ना? हेच कारण आहे. करा सही."

मी सही केली.